जाब फक्त जाणाऱ्यालाच का?

उत्तर प्रदेशात धर्म बदलू इच्छिणाऱ्या माणसाला ६० दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना तसे लिहून द्यावे लागते. मग पोलिसांकरवी चौकशी होते. या माणसाचा खरा हेतू काय, कारण काय, हे तपासले जाते. धर्मांतर झाल्यावर पुन्हा एकदा कळवायचे असते. २०२१ च्या या कायद्यात एक सवलत मात्र आहे. माणूस आपल्या लगतच्या आधीच्या धर्मात परत जात असेल, तर त्याला धर्मांतर म्हणायचेच नाही. मध्य प्रदेशाच्या त्याच वर्षीच्या कायद्यातही परतणाऱ्याला अशीच सूट आहे, आणि परतायचा धर्म कोणता, तर जन्माच्या वेळी वडिलांचा होता तो. आई या हिशेबात कुठेच नाही.

उलट जो माणूस ज्या धर्मात जन्मला त्याच धर्मात राहतो आणि मरतो, त्याला आयुष्यात एकदाही कुणी विचारत नाही, की बाबा रे, तू इथे का आहेस? तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का? कसले आमिष आहे का? वास्तविक दबाव आणि आमिष या दोन्ही गोष्टी राहणाऱ्याच्याच वाट्याला जास्त येतात. घर, वाटणी, सोयरीक, शेजार, शेवटी खांदा द्यायला येणारी चार माणसे, हे सगळे राहण्याचे बक्षीसच असते. पण त्याला आमिष म्हणायची पद्धत नाही.

माणूस आपल्या निवडींतूनच स्वतःला घडवतो असे मानणाऱ्या, अस्तित्ववादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विचारवंतांनी धर्माबद्दल जे सांगितले त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट मला इथे सापडते. आपल्याकडे अस्तित्ववाद आला तो मुख्यतः साठोत्तरी कथा-कादंबरीतून. त्यामुळे एकटा नायक, सिगारेट, कंटाळा आणि नास्तिकपणा एवढ्यावर त्याची ओळख आटोपते. यातला शेवटचा भाग तर सरळ चुकीचा आहे. देव आहे की नाही, हा या मंडळींच्या भांडणाचा पहिला विषय नव्हताच. त्यांच्यात कडवे नास्तिक होते तसे कडवे आस्तिकही होते. त्यांचा प्रश्न होता, की तुझी श्रद्धा, किंवा तुझी अश्रद्धा, कुणाची आहे? तुझी, की तुझ्या आजूबाजूच्यांची?

हा प्रश्न पहिल्यांदा धारदारपणे विचारणारा सोरेन किर्केगार्द पक्का श्रद्धावान होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. तो १८१३ साली कोपनहेगनमध्ये जन्मला. त्याच्या डेन्मार्कमध्ये ख्रिस्ती होण्यासाठी काही करावे लागत नसे, न होण्यासाठी मात्र फार काही सोसावे लागे. बाप्तिस्मा तान्हेपणीच होई. वयात येताना घ्यायचे कन्फर्मेशन, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, १७३६ पासून कायद्याने सक्तीचे होते. पाद्री हे राजाचे पगारी नोकर होते. १८४० च्या दशकात बाप्टिस्ट पंथाचे काही लोक म्हणू लागले की आमच्या मुलांना कळत्या वयात स्वतः ठरवू द्या, तान्ह्या पोरांना आम्ही बाप्तिस्मा देणार नाही. त्यावर बिशप मिन्स्टर यांच्या पुढाकाराने त्यांच्या मुलांना बळजबरीने बाप्तिस्मा देण्याचे पाऊल उचलले गेले. किर्केगार्दचा थोरला भाऊ पीटर स्वतः पाद्री होता. त्याने हे काम करायला नकार दिला, नोकरीवर गदा येण्याची भीती असतानाही. पुढे १८४९ च्या राज्यघटनेने डेन्मार्कमध्ये धर्मस्वातंत्र्य आणले, पण सवय तीच राहिली. डेन माणूस म्हणजे ख्रिस्ती माणूस.

किर्केगार्दचे म्हणणे असे, की जिथे सगळेच जन्माने ख्रिस्ती आहेत तिथे ख्रिस्ती धर्म संपला. ज्यासाठी काही पणाला लावावे लागत नाही, ज्यात भीती नाही, जोखीम नाही, ती श्रद्धा नव्हे, ती नागरिकत्वाची एक बाजू झाली. ख्रिस्ती धर्म म्हणजे काय हे त्याला विचारायचे नव्हते. मी ख्रिस्ती कसा होऊ, हा त्याचा प्रश्न होता. आणि आसपासच्या सगळ्यांना हा प्रश्न हास्यास्पद वाटत होता, कारण बाप्तिस्म्याचा दाखला तर चर्चच्या वहीत होताच की!

१८५४ च्या जानेवारीत मिन्स्टर वारले. पुढे त्यांच्याच गादीवर आलेल्या मार्टेन्सन यांनी प्रवचनात त्यांना ‘सत्याचा साक्षीदार’ म्हटले, म्हणजे ज्यांनी श्रद्धेपायी छळ सोसला, जीव दिला त्यांच्या पंक्तीत नेऊन बसवले. प्रतिष्ठेत, पगारात आणि मानमरातबात आयुष्य काढलेल्या माणसाला हुतात्म्यांच्या रांगेत बसवणे किर्केगार्दला सहन झाले नाही. त्याने आधी वर्तमानपत्रात आणि मग १८५५ साली स्वतःच्या खर्चाने पत्रके काढून राज्याच्या चर्चवर तोफ डागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो रस्त्यात कोसळला. इस्पितळात बालमित्र एमिल बोसेन, जो स्वतः पाद्री होता, भेटायला आला. शेवटचा प्रसाद घेणार का, असे त्याने विचारले. किर्केगार्द म्हणाला, घेईन, पण पाद्र्याच्या हातून नाही, साध्या माणसाच्या हातून. पाद्री हे राजाचे अधिकारी आहेत आणि राजाच्या अधिकाऱ्यांचा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही. तसे काही जमले नाही. ११ नोव्हेंबरला तो प्रसादाविनाच गेला. आणि चर्चने त्याला यथासांग पुरले! डॉक्टर असलेल्या त्याच्या भाच्याने कबरीपाशी उभे राहून याचा जाहीर निषेध केला. संस्थेला तुमची श्रद्धा नको असते, तुमची नोंद हवी असते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

इथे एक गैरसमज व्हायला वाव आहे. श्रद्धा स्वतःची हवी म्हणजे ती ठळकपणे, सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल अशी जगायला हवी, असे वाटू शकते. आजच्या काळात तर ‘मी जसा आहे तसा’ हे दाखवून दाखवूनच लोक दमतात. किर्केगार्दने १८४३ साली बायबलमधल्या अब्राहामाच्या, देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेल्या बापाच्या, कथेवर लिहिताना खऱ्या श्रद्धावानाचे चित्र रंगवले आहे, ते गंमतीदार आहे. हा माणूस बाहेरून करवसुली खात्यातल्या कारकुनासारखा दिसतो. रविवारी फिरायला जातो, बांधकामे बघत थांबतो, घरी परतताना बायकोने जेवायला काय केले असेल याचा विचार करतो. त्याच्या आत काय घडून गेले आहे हे कुणालाही ओळखता येत नाही. श्रद्धेचे प्रदर्शन मांडणाऱ्यांना आणि नास्तिकतेची दवंडी पिटणाऱ्यांना, दोघांनाही हा कारकून अडचणीत आणतो.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रने अस्तित्ववादावर जाहीर व्याख्यान दिले. सार्त्र नास्तिक, त्याचे सगळे लेखन पुढे १९४८ साली कॅथलिक चर्चने वर्ज्य ग्रंथांच्या यादीत टाकले. पण त्या व्याख्यानात तो म्हणाला, की देव असता तरी काही फरक पडला नसता. हे वाक्य आपल्याकडचे नास्तिकही नीट ऐकत नाहीत. त्याचा अर्थ असा, की वरून आदेश आला तरी तो आदेश आहे हे मलाच ठरवावे लागते. अब्राहामाला देवदूताने सांगितले, मुलाचा बळी दे. ठीक. पण तो देवदूतच होता कशावरून? आणि मीच तो अब्राहाम कशावरून? शेवटी जबाबदारी ऐकणाऱ्याच्याच गळ्यात पडते.

सार्त्रने एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. त्याचा थोरला भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेला होता, वडील आईपासून दुरावले होते आणि आई या एका मुलाच्या आधारावर जगत होती. मुलाला इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत दाखल व्हायचे होते. जावे की राहावे? सार्त्रने त्याला उत्तर दिले नाही. तू मोकळा आहेस, निवड, एवढेच म्हणाला. आणि पुढे त्याने टोमणा मारला, की सल्ला विचारायला तू पाद्र्याकडे गेलास तरी कोणत्या पाद्र्याकडे जायचे हे तूच निवडलेले असते. जर्मनांशी संगनमत करणाऱ्याकडे, की प्रतिकार करणाऱ्याकडे?

हे वाचताना कोकण-गोव्यातला कौल आठवल्याशिवाय राहत नाही. मूर्तीवर ओल्या पाकळ्या किंवा कळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सार्त्र असता तर विचारता, की प्रश्न कुणी तयार केला? कोणत्या देवळात जायचे हे कुणी ठरवले? पहिला कौल मनासारखा आला नाही म्हणून प्रश्न जरासा फिरवून पुन्हा घातला, तो कुणी? मला त्याचे हे म्हणणे मान्य आहे. पण त्याला एक गोष्ट दिसली नसती असेही वाटते. त्याचा विद्यार्थी एकटाच होता. कौल चार माणसांसमोर लागतो, गुरव असतो, घरचे असतात. निर्णय चुकला तर खापर एकट्याच्या डोक्यावर फुटत नाही. माणसाला निवडीचे ओझे एकट्याने पेलवत नाही, हे कौल लावणाऱ्या समाजाला पॅरिसच्या तत्त्ववेत्त्यापेक्षा जास्त कळले होते. धोका इतकाच, की ओझे वाटून घेणे आणि ओझे टाकून देणे यांतले अंतर फार कमी असते.

ओझे टाकून देण्याला सार्त्रने आत्मवंचना म्हटले. आपल्याकडे तिचे रोजच्या बोलण्यातले रूप म्हणजे ‘आमच्यात असतं’ आणि ‘करावं लागतं’. ही दोन वाक्ये बोलताना कर्ता गायब होतो. कुणात असतं? कुणाला लागतं? जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने ज्या अनाम ‘लोकां’बद्दल पानेच्या पाने लिहिली, ते आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ मध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहेत.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. वडील गेले. मुलाचा दहाव्या-तेराव्यावर काडीचा विश्वास नाही. आई म्हणते, कर. तो नदीकाठी जातो, पिंड ठेवतो, कावळ्याची वाट बघत उभा राहतो. हा माणूस स्वतःशी खोटे बोलतो आहे का? आमचे काही कट्टर मित्र ताबडतोब हो म्हणतील. मला तसे वाटत नाही. तो जर म्हणत असेल, ‘यात मला तथ्य वाटत नाही, पण आईच्या आजच्या दुःखापुढे माझे तत्त्व मी बाजूला ठेवतो, आणि हा निर्णय माझा आहे,’ तर त्याने निवड केली आहे. फ्रेंच विचारवंत सिमोन द बोव्हुआरने १९४७ साली लिहिलेल्या नीतिविचारात हेच बजावले, की माझे स्वातंत्र्य इतरांच्या स्वातंत्र्यात गुंतलेले असते, मी पोकळीत निवडत नाही. तोच माणूस जर म्हणाला, ‘काय करणार, करावं लागतं,’ तर मात्र त्याने आईची ढाल केली. कृती तीच, पिंड तोच, कावळाही तोच. फरक बाहेरून दिसत नाही आणि म्हणूनच तो कोणत्याही समितीला, पुरोहिताला किंवा दंडाधिकाऱ्याला तपासता येत नाही.

हीच फूटपट्टी अश्रद्धेलाही लावली पाहिजे. ‘देव मेला’ हे जर्मन तत्त्वज्ञ नित्शेचे वाक्य आपल्याकडे घोषणेसारखे वापरतात. १८८२ सालच्या त्या उताऱ्यात प्रत्यक्षात काय आहे? भल्या सकाळी कंदील पेटवून एक वेडा बाजारात येतो आणि मी देवाला शोधतोय म्हणून ओरडतो. भोवती जमलेले लोक हसतात, आणि नित्शेने मुद्दाम लिहिले आहे, की त्यांच्यातले बरेच देव न मानणारे होते. देव हरवला का, पोरासारखा चुकला का, गलबतावर चढून गेला का, अशी ते थट्टा करतात. वेडा त्यांना सांगतो, की आपणच त्याला मारले आणि आपण काय केले हे तुम्हाला अजून कळलेले नाही. म्हणजे तो उतारा आस्तिकांविरुद्ध नाहीच, तो बिनघोर नास्तिकांविरुद्ध आहे. पुरोगामी घरातली मुले ‘आमच्या घरात देव नाही’ हे ज्या अभिमानाने सांगतात, तो अभिमान ‘आमच्या घरात कांदा-लसूण नाही’ याच्या फार जवळचा असतो. दोन्ही ठिकाणी चूल आजोबांनी मांडलेली असते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. धर्म म्हणजे पटलेल्या विधानांची यादी नव्हे. तो गळ्यावर बसलेला सूर आहे, पायांना लागलेली वाट आहे. आषाढीला पंढरपूरला चालत जाणारी बाई आजी जायची म्हणून जाते. तिला निवडीचे प्रश्न विचारणे हा शहरी उद्धटपणा नाही का? आक्षेपात दम आहे. परंपरेतून आलेली गोष्ट आपोआप खोटी ठरत नाही. पण खुद्द वारकरी परंपरा या प्रश्नाकडे कशी बघते ते पाहा. माळकरी म्हणून कुणी जन्मत नाही. तुळशीची माळ घालून घ्यावी लागते, आणि ती घातली की दारू-मांस सुटते, एकादशी लागते, वारी लागते. घरात सात पिढ्यांची वारी असली तरी प्रत्येकाला ती माळ आपल्या गळ्यात स्वतः घ्यायची असते. परंपरेच्या आतच निवडीचा दरवाजा ठेवलेला आहे. आणि तुकोबा तर सरळ सांगून जातात:

सत्य असत्याशी मन केले ग्वाही ।
मानियेले नाही बहुमता ॥

लगेच ‘आमच्याकडे अस्तित्ववाद आधीपासूनच होता’ असा उत्साह कुणाला येऊ नये म्हणून सांगतो, की तुकोबांना अस्तित्ववादी ठरवण्यात मला रस नाही. त्यांच्या साक्षीला उभे राहिलेले मन विठ्ठलाच्या पायाशी बसलेले होते, सार्त्रच्या रिकाम्या आकाशाखाली नव्हते. मुद्दा एवढाच, की बहुमताला साक्षीदार न मानण्याची हिंमत श्रद्धेच्या आत राहूनही करता येते.

मात्र केवळ ‘माझा निर्णय माझा’ यावर सगळे सोपवता येत नाही. ज्या हायडेगरने ‘लोकां’च्या गुलामीतून सुटून स्वतःच्या निश्चयाने जगण्याची भाषा घडवली, तो १९३३ साली फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात नाझी पक्षात गेला. निश्चय होता, अस्सलपणाची भाषा होती, आणि पोहोचला कुठे, तर हिटलरच्या गर्दीत. स्वतः निवडलेली गोष्ट चांगली असेलच असे नाही. काय निवडले, कुणाला चिरडून निवडले, हे विचारावेच लागते.

म्हणूनच निवड आणि न्याय हे दोन्ही एकत्र आणणारे उदाहरण मला युरोपात सापडत नाही, ते महाराष्ट्रात सापडते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले, की मी हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. मधली २१ वर्षे. या काळात त्यांनी धर्म पारखले, त्यांची तुलना केली, लोकांपुढे प्रश्न मांडले. आंबेडकर अस्तित्ववादी नव्हते. ते अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्युईंचे विद्यार्थी होते आणि धर्माकडे ते समाजाच्या बांधणीच्या अंगाने बघत. पण १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि कधीच न होऊ शकलेल्या भाषणात त्यांनी तत्त्वांचा धर्म आणि नियमांचा धर्म असा भेद केला, तो किर्केगार्दने वाचला असता तर त्याने मान डोलावली असती. नियम सांगतो, अमुक कर. तत्त्व सांगते, या कसोटीवर तू ठरव. धार्मिक कृती ही जबाबदार कृती असली पाहिजे, आणि धर्म नियमांचा झाला की तो ही जबाबदारीच मारून टाकतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत धर्मांतरावर बोलताना त्यांनी शेवट केला तो स्वतःच स्वतःचा दीप व्हा, या बुद्धाच्या उपदेशाने.

यावर एक टीका पहिल्या दिवसापासून होते. एका दिवसात लाखो लोकांनी धर्म बदलला, ही वैयक्तिक निवड कशी? झुंडच की! किर्केगार्दही म्हणाला होता की गर्दी हेच असत्य. पण गर्दी कशाची, हे बघायला नको का? ज्यांना एकेकट्याने नव्हे तर जात म्हणून गावकुसाबाहेर ठेवले, त्यांना एकेकट्याने बाहेर पडणे शक्यच नव्हते. एकटा बाहेर पडला असता तर गावाने त्याला दुसऱ्या दिवशी जागा दाखवली असती. आणि त्या दिवशी उच्चारलेल्या २२ प्रतिज्ञा नीट वाचा. त्यांतला कर्ता ‘आम्ही’ नाही. मी ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही. मी, मी, मी. लाखो माणसे एका सुरात बोलत होती, पण प्रत्येक जण एकवचनात बोलत होता. ‘आमच्यात असतं’ म्हणत जगायला भाग पाडलेल्या माणसांनी पहिल्यांदा कर्ता परत मिळवला, तो असा.

या निवडीची किंमत सरकारने वसूल केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्धांना केंद्राच्या पातळीवर १९९० पर्यंत थांबावे लागले, जरी महाराष्ट्राने राज्यात आधीच सवलती दिल्या होत्या. मधल्या काळात अनेक घरांत सकाळी बुद्धवंदना आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’ असे चालले. या लोकांना ढोंगी म्हणणारे मला भेटले आहेत. मी म्हणतो, ढोंग कागदाने केले, त्या लोकांनी नाही. शिष्यवृत्ती हवी तर खोटे लिही, असे ज्याने सांगितले त्याची आत्मवंचना आधी मोजा.

आणि हो, प्रश्न तिथेही संपत नाही. नागपुरात उभे राहिलेल्यांची नातवंडे आज जन्माने बौद्ध आहेत. त्यांच्याही दाखल्यावर धर्म आपोआप येतो. आजोबांनी निवडले ते नातवाला वारशाने मिळाले. किर्केगार्दचा प्रश्न आता त्याच्यापुढे उभा आहे, आणि आजोबांचे मोठेपण त्याच्या उत्तराला पर्याय होऊ शकत नाही. माझ्या काही तरुण बौद्ध मित्रांना हा प्रश्न छळतो. छळतो आहे हे मला चांगले लक्षण वाटते.

आता पुन्हा कायद्याकडे. महाराष्ट्रातही धर्मांतराबाबत कडक कायद्याची मागणी आणि चर्चा बरीच झाली. बाजूने बोलणारे सांगतात, की फसवून, धमकावून, पैसे देऊन धर्म बदलवले जातात. जिथे तसे होत असेल तिथे गुन्हा नोंदवा. फसवणूक, धमकी, बळजबरी हे सगळे नेहमीच्या फौजदारी कायद्यात गुन्हेच आहेत. पण दबावाची खरीच काळजी असेल तर ती दोन्ही बाजूंनी वाटली पाहिजे. आपल्या राज्याला हे माहीतही आहे. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्राने का केला? जातपंचायती माणसांना वाळीत टाकून, दंड लावून, लग्ने मोडून आपल्या रिंगणात ठेवत होत्या म्हणून. म्हणजे राहण्यासाठी होणारी बळजबरी इतकी होती की तिच्यासाठी वेगळा कायदा लागला. मग धर्माच्या बाबतीत फक्त जाणाऱ्याच्या हेतूची चौकशी कोणत्या न्यायाने?

२०१४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे काही जण गेले होते. आम्ही कोणत्याही धर्माचे नाही, अशी नोंद राजपत्रात करा, एवढेच त्यांचे मागणे होते, आणि शासकीय मुद्रणालयाने ते नाकारले होते. न्यायालयाने सांगितले, की घटनेच्या २५ व्या कलमातल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताच धर्म नसल्याचे सांगण्याचाही हक्क येतो आणि सरकार कुणाला धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांचा धर्म ‘सांगितला नाही’ असा नोंदला गेला. लोकसंख्येच्या पाव टक्काही नाही. हे सगळे नास्तिक असतील असे मुळीच नाही. काहींना सांगायचे नसेल, काहींना अजून ठरवायचे असेल. ठरवायचे असणे हेही एक उत्तर आहे आणि आपल्या अर्जांत त्याला जागा नाही. शाळाप्रवेशाच्या अर्जात सहा वर्षांच्या पोराचा धर्म भरताना कुणाचा हात अडखळत नाही. आरक्षणासाठी जातीची नोंद लागते, आणि ती १९५० च्या आदेशामुळे धर्माशी जखडलेली आहे, हे मला मान्य आहे. तो गुंता आदेशाच्या पातळीवर सोडवावा लागेल. पण ज्यांना कोणताही लाभ मागायचा नाही त्यांना तो रकाना मोकळा सोडण्याची मुभा अर्जावरच ठळकपणे छापायला काय हरकत आहे?

राहणाऱ्यांना प्रश्न विचारले तर देवळे, चर्च, मशिदी ओस पडतील, अशी भीती काहींना वाटते. ही भीती बाळगणाऱ्यांचा आपल्याच धर्मावर किती विश्वास आहे हे त्यातून कळते. फ्रेंच लेखक आल्बेर कामू नास्तिक होता, तरी दुसऱ्या महायुद्धानंतर डोमिनिकन साधूंच्या मठात बोलायला गेला. तुमचा धर्म खोटा आहे असे गृहीत धरून मी आलेलो नाही, मला त्यात शिरता आले नाही इतकेच, असे तो म्हणाला. त्याची मागणी एवढीच होती, की ख्रिस्ती माणसांनी खरोखर ख्रिस्ती असावे आणि अन्यायाविरुद्ध मोठ्याने, स्पष्ट बोलावे. अशा पाहुण्याला घाबरायचे कारण नसते.

या कायद्यांतून सगळ्यांत आधी काढायला हवे ते परतणाऱ्याला सूट देणारे कलम. त्यात सरकार उघडपणे पक्ष घेते, की मूळ धर्म हेच तुझे खरे घर आणि बाकी सगळे भरकटणे. त्यानंतर पूर्वसूचनेची आणि हेतूच्या चौकशीची तरतूद. हेतू तपासायचाच असेल तर जाणाऱ्याचा, परतणाऱ्याचा आणि राहणाऱ्याचा, तिघांचाही तपासा. राहणाऱ्यांची संख्या बघता एवढी चौकशी कोणत्याही जिल्हा कार्यालयाला झेपणार नाही, आणि झेपणार नसेल तर कुणाचीच करू नये.